कामोठ्यातली हवा, कूलर आणि चाकाचा एसी



आजची नोंद रानातली नाही, कामोठ्यातली आहे. पण विषय आपलाच आहे, हवेतल्या पाण्याचा. "पोरगं नवी मुंबईत ऱ्हातंय, घरात लई उकडतंय, कूलर घेऊन देऊ का चाकाचा एसी?" असे फोन मला बरेच येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, खारघरच्या टाटा केंद्रात उपचार घेत आहेत. कवठेमहांकाळहून सारखी ये-जा त्यांना झेपत नाही. म्हणून पुतण्यानं कामोठ्यात सहा महिन्यांसाठी हॉल, बेडरूम आणि किचन असा फ्लॅट भाड्यानं घेतला. कामोठ्यात सातारा-सांगलीकडची माणसं भरपूर, त्यामुळे परकं वाटत नाही. पण एप्रिल लागला आणि दादांची झोप गेली. दिवसभर अंग चिकचिक, रात्री पंख्याखाली घाम. औषधानं आधीच अशक्तपणा, त्यात जेवण कमी झालं.

घरमालकानं सांगितलं, भिंतीला भोक पाडायचं नाही, बाहेर मशीन टांगायचं नाही. म्हणजे स्प्लिट एसी बाद. दादा म्हणाले, "आरं, शेडवरचा मोठा कूलर टेम्पोत टाकून आण की. उगं खर्च कशाला?"

मी कूलर आणला नाही. बेदाणा शेडवरचे दोन थर्मामीटर मात्र पिशवीत घालून आणले, एक कोरडा आणि एक ओल्या कापडाचा. रेशीमवाल्यांना आणि कृषी विद्यालयात शिकलेल्यांना हे माहीत आहे. दोन्ही आकड्यांत जेवढं अंतर जास्त, तेवढी हवा कोरडी. चांगला कूलर या अंतराच्या साधारण पाऊणपट हवा थंड करतो, त्याच्या पुढं जात नाही. मग तो कितीही महाग असू द्या.

आमच्या शेडवर एप्रिलच्या दुपारी कोरडा ४० आणि ओला साडेबावीस होता. अंतर साडेसतरा. म्हणजे कूलरमधून निघणारी हवा २७ च्या आसपास. म्हणून गावाकडं कूलरपुढं बसलं की जीव निवतो. कामोठ्यात दुपारी दोनला गॅलरीत सावलीत बघितलं. कोरडा ३४, ओला साडेअठ्ठावीस. अंतर साडेपाच. कूलर लावला असता तर जेमतेम चार अंश उतरले असते, म्हणजे ३०, आणि तीही पाण्यानं भरलेली हवा. खिडकी बंद केली तर तेवढंही नाही.

बेदाणा करणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल. जी हवा बेदाणा वाळवते, तीच हवा कूलर चालवते. आपण चार किलो द्राक्षं जाळीवर टाकतो आणि दोन-तीन आठवड्यांत एक किलो बेदाणा उचलतो. मधलं तीन किलो पाणी हवाच घेऊन जाते. आभाळ आलं, दमटपणा वाढला की बेदाणा चिकट राहतो, काळा पडतो. तेव्हा आपण पंख्याला दोष देत नाही. कामोठं खाडीच्या काठावर आहे. तिथल्या हवेचं पोट आधीच भरलेलं असतं, आपल्या कूलरचं पाणी ती पिणार कशी? आपल्या घामाचंही तेच. घाम वाळला तरच अंग थंड होतं. १६ एप्रिल २०२३ ला शेजारच्या खारघरमध्ये उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ माणसं गेली. आपल्या विदर्भातल्या ४५ अंशांसारखं तिथं काही नव्हतं. म्हणून नुसता तापमानाचा आकडा बघून "एवढं काय ऊन नाही" असं किनाऱ्यावर म्हणू नये.

कूलरचं अजून एक. टाकीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून पुसली नाही तर आजारी माणसाच्या घरात नवं दुखणं यायचं.

आता एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणजे कूलरच्या उलट काम. पण खोलीतली उष्णता कुठंतरी बाहेर टाकावीच लागते. स्प्लिटचं ते काम बाहेरचं मशीन करतं. चाकाच्या एसीत सगळं एकाच पेटीत, आणि गरम हवा एका जाड पाइपनं खिडकीतून बाहेर. दुकानात एक पोरगा "बिनपाइपचा एसी" म्हणून पाण्यावरचा छोटा पंखा दाखवत होता. पाइप नाही म्हणजे तो एसी नाही, हे धरून चाला.

एका पाइपच्या मशीनची खोट पोल्ट्रीवाल्याला लगेच कळेल. शेडमध्ये एका बाजूनं एक्झॉस्ट फॅन लावला की दुसऱ्या बाजूनं हवा आत येणारच. हे मशीन खोलीतलीच थंड केलेली हवा ओढून पाइपनं बाहेर टाकतं. तेवढीच बाहेरची गरम, दमट हवा दाराच्या फटीतून आत येते. म्हणजे एक टनाच्या चाकाच्या एसीकडून एक टनाच्या स्प्लिटएवढा गारवा मिळत नाही, आणि वीज मात्र ताशी सव्वा युनिटच्या आसपास जाते. दोन पाइपचं मशीन बाहेरची हवा घेऊन बाहेरच टाकतं, ते चांगलं, पण आम्ही फिरलो त्या दुकानांत मिळालं नाही.

मग एवढ्या खोटी माहीत असून तोच का घेतला? पुतण्याचं म्हणणं होतं की बेडरूमच्या खिडकीत विंडो एसी बसवू, स्वस्त पडेल, आवाजही कमी, आणि काकांना तिथंच झोपवू. हिशोबानं तो बरोबर होता. मशीन हलवण्यापेक्षा माणूस हलवणं सोपं, आणि ज्यांच्या घरी जमतं त्यांनी तेच करावं. पण दादा दिवसा हॉलमध्ये बसतात. गावाकडनं कोण आलं, पाऊस कधी, बेदाण्याचा भाव काय निघाला, हे सगळं त्यांना ऐकायचं असतं. नातीचा अभ्यास त्यांच्या पायाशी चालतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना गार खोलीत एकटं घालू नका. माणसांत ऱ्हाऊ द्या." तिथं हिशोब संपला. दुपारी हॉल, रात्री बेडरूम, असा चाकाचा एसी घेतला. तीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान भाव सांगत होते.

घेण्याआधी जे बघितलं ते लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

१. सोळा अँपिअरचा पॉइंट दोन्ही खोल्यांत हवा. आमच्या हॉलमध्ये नव्हता. घरमालकाला विचारून इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर ओढून घेतली. एक्स्टेन्शन बोर्डवर हे मशीन चालवू नका, बोर्ड जळतो.

२. सरकत्या काचेच्या खिडकीत पाइपची पट्टी बसते. खिडकीची उंची मोजून दुकानात जा. उरलेली फट फोमनं बंद करा.

३. पाइप आखूड आणि सरळ ठेवा. तो स्वतः तापतो आणि खोलीतच उष्णता सोडतो.

४. दमट हवेत पाणी भरपूर निघतं. टाकी भरली की मशीन बंद पडतं. रात्री झोपण्याआधी टाकी रिकामी करायची.

५. वजन तीस किलोच्या आसपास. चाकं फरशीवर चालतात, पण उंबऱ्यावर दोन माणसं लागतात. मशीन आडवं करायचं नाही.

६. कॉम्प्रेसर खोलीतच असल्यानं आवाज येतो. दुकानात चालू करून ऐका.

७. घरात गॅसचा गिझर असेल तर त्या वेळी एसी बंद ठेवा. मशीन हवा बाहेर ओढतं, त्यामुळे गिझरचा विषारी वायू घरात ओढला जाऊ शकतो.

आम्ही २६ वर ठेवतो आणि पंखा एक नंबरवर. दोन्ही वेळचे मिळून नऊ तास धरले तर महिन्याला तीनशेच्या वर युनिट जातील, ते मनात धरूनच घेतलं आहे. दुपारी हॉलमध्ये थर्मामीटर लावून बघितला. कोरडा २७ पर्यंत येतो, त्याच्या खाली नाही. पण ओला २१ वर येतो, आणि घाम वाळतो. पहिल्या रात्री दादा पहाटे पाचपर्यंत झोपले. सकाळी भाकरी दीड खाल्ली.

सहा महिन्यांनी फ्लॅट सोडला की मशीन गावी जाईल. कोरड्या हवेत आपल्याला त्याची गरज नाही. पण पुतण्या म्हणतो, उपचाराला कामोठ्यात येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी देऊ. मलाही ते पटलं.

तुमच्या भागातला कोरडा आणि ओला आकडा दुपारी दोन वाजता बघा आणि गावाच्या नावासकट खाली लिहा. कूलर कुठं चालतो आणि कुठं नाही याचा आपलाच नकाशा तयार होईल.

राम राम.