चर

आमच्या घराच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथे परसाला टेकतो तिथे, एक चर होता. हातभर रुंद, गुडघाभर खोल. तो आजोबांनी खणला, एवढेच त्याचे चरित्र मला ठाऊक. दर मे महिन्यात दादा फावडे खांद्यावर टाकून त्यातला पालापाचोळा उपसायला जाई, आणि सुटीला आलेला मी झोपाळ्यावरून त्याची थट्टा करी. "सरकारी काम चाललंय वाटतं! दरवर्षी तेच खणायचं!" दादा नुसता हसे.

मोटार थेट अंगणात यावी, हा हट्ट माझा. पैसेही माझेच. 2021 च्या फेब्रुवारीत यंत्र आले. दोन दिवसांत त्याने डोंगराचा पायथा कापला, गडगा फोडला आणि निघालेल्या मातीने चर बुजवला. दादा एवढेच म्हणाला, "पाण्याला वाट ठेव रे." मी म्हणालो, "नळ टाकू की!" तो टाकायचा राहिला.

त्या वर्षी 22 जुलैच्या सुमारास पाऊस असा कोसळला की वाशिष्ठीने चिपळूण बुडवले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. तिथे माणसे गेली. त्यांच्यापुढे आमचे नुकसान बोलून दाखवायलाही संकोच वाटतो. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा आकडा वाचून आपण 'अबब' म्हणतो आणि पान उलटतो. पण तोच हिशेब जमिनीवर मांडून पाहावा. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी. आणि डोंगराला गुंठे किती!

आमच्याकडे वर जांभा आणि खाली शेडी. जांभा टणक खरा, पण त्याच्या भोकाभोकांतून पाणी खाली झिरपते. शेडी मऊ, भिजली की साबणासारखी निसटते. पायथ्याची माती टेकू देते म्हणून हे सारे उभे असते. तो टेकूच मी मोटारीसाठी काढून घेतला होता.

पहाटे दादाने हलवून उठवले. वीज गेलेली. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर माझा रस्ता रस्ता राहिला नव्हता, पऱ्या झाला होता. तांबडे, दाट पाणी दगडगोटे गडगडवीत चालले होते. घर वाचले, ते केवळ रस्त्याला तिथे वळण होते म्हणून. उजाडल्यावर खाली पाहिले. लावणी होऊन पंधरवडा झालेले सहा गुंठ्यांचे खाचर होते तिथे नुसता खडक धुऊन निघाला होता. रोपे नाहीत, बांध नाही, माती नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून जोपासलेली माती एका रात्रीत गेली. रोपे पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात. माती कुठून आणायची?

दादाने मला एका शब्दानेही दुखवले नाही. तेच फार जड गेले.

चार दिवसांनी उघडीप पडली. खालच्या शेतातली म्हातारी गडग्याशी आली. तिच्या भातावर आमचा गाळ वीतभर साचला होता. म्हणजे नुकसान तिचेही झाले होते. मी ओशाळून काही पुटपुटलो. ती म्हणाली, "घोर नको करू बाबा. तुमची माती हितंच हाय. लेक दिली आसं समज." मला हसूही आले आणि घशाशी काही अडकलेही.

दिवाळीनंतर आम्ही दोघे भाऊ तिथूनच घमेल्याने थोडी माती वर आणू लागलो. लेक माहेरपणाला यावी तशी. गडगा पुन्हा रचला, बांधावर वाळा लावला, आणि जुन्या रेषेवर चर पुन्हा खणला. खणताना कळले, तो सरळ नव्हता. डोंगराच्या उताराशी बोलत बोलत, किंचित वळत पऱ्याला मिळत होता. आजोबांनी किती पावसाळे पाहून ती रेष आखली असेल!

मोटार आता खाली पारापाशी उभी राहते. मे महिन्यात फावडे मी घेतो. दादाचे गुडघे दुखतात; तो झोपाळ्यावर बसून ओरडतो, "सरकारी काम चाललंय वाटतं!"

मी नुसता हसतो.