एअर पाइपातली माती

1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हर्णैचं बंदर उघड्यावर आहे, पावसाळी वाऱ्यात तिथे नांगरावर बोट ठेवणं धोक्याचं. म्हणून आमच्याकडच्या बोटी या दिवसांत आंजर्ल्याच्या खाडीत आणून बांधतात. जाळी उतरवायची, बर्फाचे खण धुऊन कोरडे करायचे, बांबू टाकून वरून ताडपत्री शाकारायची आणि दोर आवळून घरी जायचं. माणसं उतरली की दोन महिने बोट किड्यांच्या ताब्यात जाते.

जुलैच्या अखेरीस ताडपत्री ओढली की एकेक दिसू लागतं. केबिनच्या छताला गांधीलमाशीचं राखाडी पोळं, सुकाणूच्या चक्रापासून खिडकीपर्यंत कोळ्यांची जाळी, स्टोव्हच्या मागे झुरळं, काठावरच्या झाडाला बांधलेल्या दोरावरून ये-जा करणाऱ्या ओंबिलांची रांग. बंदरावर याची कुणी फारशी दखल घेत नाही. दोन बादल्या पाणी मारायचं, फवारा मारायचा, नारळ वाहायचा, निघायचं. मला हे पटत नाही. घरात गांधीलमाशी चावली तर दवाखाना जवळ असतो. समुद्रात बंदर काही तास लांब असतं. मधमाशीचा काटा एकदा रुतला की तुटून राहतो, गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंख मारते. एका मोसमात आमच्या एका तरुण खलाशाने केबिनचं दार जोरात ओढलं आणि छताचं पोळं त्याच्या अंगावर उठलं. डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं. बोट तेव्हा खाडीतच होती म्हणून त्याला लगेच दापोलीला नेता आलं. श्वास लागला असता आणि आम्ही बाहेर असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

पण किड्यांकडे मी नीट बघायला लागलो ते एका वेगळ्याच प्रकाराने. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. सुवर्णदुर्ग मागे टाकून आम्ही बरेच बाहेर आलो होतो. इंजिनाचा आवाज आधी पडला, मग ते धपापलं आणि बंद झालं. ड्रायव्हरने डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली एअर काढली, इंजिन लागलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पंप गेला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, सगळे तर्क झाले. शेवटी किती डिझेल उरलंय ते बघायला तांडेलांनी टाकीचं झाकण फिरवलं, तर हवा आत ओढली जाण्याचा असा मोठा आवाज झाला की सगळेच दचकले.

‘‘भाऊ, टाकी कोंडलीय,’’ तांडेल म्हणाले. ‘‘एअर पाइप बघा आधी.’’

टाकीतलं डिझेल जसजसं कमी होतं तसतशी तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीवरून एक बारीक नळी डेकवर काढून तिचं तोंड खाली वळवलेलं असतं. ते तोंड मातीने गच्च बुजलं होतं. हवा आत येत नव्हती म्हणून इंजिनाला डिझेल ओढता येत नव्हतं. झाकण सैल करून, त्यावर फडकं बांधून आम्ही हळूहळू बंदर गाठलं.

ती माती मी स्क्रू ड्रायव्हरने कोरून कागदावर काढली. खाडीच्या काठचीच राखाडी चिखलमाती, वाळून कडक झालेली. आत कप्पे होते. एक कप्पा फोडला तर त्यात लहान लहान कोळी दाटीवाटीने भरलेले, पाय पोटाशी घेतलेले. मला ते मेलेले वाटले. काडी लावली तर त्यातल्या एकाचा पाय हलला. पुढच्या कप्प्यात पिवळसर जाड अळी होती आणि तिच्याभोवती खाऊन उरलेले पाय. हे काम कुंभारीण माशीचं. ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, जिवानिशी मारत नाही. असे कोळी कप्प्यात भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी बाहेर आली की तिला ताजं खाणं तयार असतं.

डिझेलच्या टाकीपुरतीच ही गोष्ट नाही. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग 757 विमान काही मिनिटांत समुद्रात कोसळलं आणि आतली 189 माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी बुजली होती, त्यामुळे वैमानिकाला चुकीचा वेग दिसत राहिला. नळी हाती लागली नाही, पण ती कुंभारणीच्या घरट्याने बुजली असावी, असंच तपास करणाऱ्यांचं मत पडलं. विमान काही दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळ्यांना झाकणं घातलेली नव्हती. हे वाचल्यावर आमच्या बोटीवरच्या मातीच्या त्या गोळ्याकडे मला वेगळ्याच नजरेने बघावं लागलं.

मग मी उलटा मागे गेलो. कुंभारीण आमच्या बोटीवर का येते? एक तर चिखल हाताशी, पावसापासून आडोसा, बोटाएवढ्या तोंडाची नळी. शिवाय कोळी मुबलक. कोळी एवढे का? त्यांना चिलटं, पतंग, डास मिळतात म्हणून. आणि हे सगळं कशावर येतं? चोरी होऊ नये म्हणून केबिनच्या टोकाला रात्रभर जळत ठेवलेल्या पांढऱ्या बल्बवर. कांदळवनाच्या काठी गच्च काळोखात तो एकच उजेड. आजूबाजूचे सगळे किडे तिथे लोटतात, त्यांच्यामागे कोळी, कोळ्यांमागे कुंभारीण. समुद्रात बंद पडलेल्या इंजिनाचा माग काढत गेलं की आपण त्या बल्बापाशी येतो.

तेव्हापासून दिवा आम्ही बोटीवरून काढला. काठावर बांबू पुरून त्यावर पिवळा, मंद बल्ब लावला, वर पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड खाली आणि बोटीवर पडतो, पण दिवा बोटीपासून लांब राहतो. पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात, आणि येतात ते बांबूपाशीच घोटाळतात. राखणदाराला बोट तेवढीच दिसते. त्या पावसाळ्यानंतर केबिनमधली जाळी इतकी कमी झाली की साफ करणाऱ्या पोरांनीच ते बोलून दाखवलं. एवढ्या साध्या बदलाने एवढा फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

डासांची एक जागा तर आपणच लटकवून ठेवतो. बोटीच्या कडेला बांधलेल्या जुन्या टायरांत पावसाचं पाणी साठतं, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टायरला तळाशी दोन-तीन मोठी भोकं पाडली की पाणी राहत नाही. ताडपत्रीला झोळ पडू द्यायचा नाही, हेही त्याच कारणासाठी.

गांधीलमाशीचं पोळं लहान असतानाच काढावं लागतं. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं आहे. या माशीचं पोळं एक किंवा मोजक्या माद्या मिळून सुरू करतात. म्हणजे आठवड्यातून एकदा ताडपत्री उचलून छताखाली बघितलं तर चार-दोन घरांचं, एका देठाला लोंबणारं पोळं सापडतं. अंधार पडल्यावर, अंग झाकून, टॉर्चला लाल कागद लावून जावं, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. देठ खरवडून त्या जागी तेलाचा हात फिरवावा. आमच्याकडे जुने लोक लाकडाला उंडीचं तेल लावायचे, तेच आम्ही वापरतो. पोळं तळहाताएवढं झालं असेल तर मात्र स्वतः हात घालू नये, जाणत्या माणसाला बोलवावं.

झुरळं बहुतेक वेळा आपण स्वतःच चढवतो, भाजीच्या खोक्यांतून आणि गोणपाटांतून. पुठ्ठा आणि गोणपाट धक्क्यावरच ठेवायचं, सामान डब्यात भरून वर न्यायचं. ओंबिलांसाठी दोराला हातभर ग्रीस पुरतं.

औषधाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बाजारात मिळणारे बरेचसे फवारे पायरेथ्रॉइड वर्गातले असतात. माणसाला ते बेताचे बाधतात, पण मासे, कोळंबी आणि खेकडे यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. बोट उघडताना फवारा मारून डेक धुतला की ते पाणी थेट खाडीत जातं, आणि आंजर्ल्यासारख्या खाडीच्या कांदळवनात तेव्हा माशांची पिल्लं वाढत असतात. ज्यांच्यासाठी दोन महिने जाळं घरी ठेवलं, त्यांच्याच अंगावर हे विष ओतायचं? शिवाय खणात मारलेला फवारा बर्फात आणि बर्फातून आपल्याच मालात उतरतो. खणात तर तो कधीच मारू नये. आमच्या बोटीवर आता फवाऱ्याचा डबा चढत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

म्हणून बोटवाल्या सगळ्या बांधवांना एक विनंती आहे. जूनमध्ये बोट बांधाल तेव्हा डिझेलचा एअर पाइप, बिल्ज पंपाची नळी आणि इंजिनाच्या धुराची नळी या तिन्हींची तोंडं लाल फडक्याने बांधा, लाल अशासाठी की सोडायचं विसरणार नाही. ऑगस्टमध्ये फडकं सोडलं की एअर पाइपाला स्टीलची बारीक जाळी क्लिपने आवळा आणि मिठाने ती बुजत नाही ना, हे दर फेरीला बघा. जाळीचा तुकडा शंभर रुपयांतही येतो, आणि भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचं एक कारण तरी त्याने कायमचं टळतं.