नऊ, अकरा आणि आईच्या ओव्या

जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आषाढातलं आमचं घर वेगळं सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही, वीज तिच्या मनात आलं तर असते. या दिवसांत आई माजघरात जात्याजवळ बसून ओव्या सांगते आणि आमची सून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेते. दळण आता गिरणीत जातं. पण जात्याच्या खुंट्याला हात लावल्याशिवाय आईला ओवी आठवत नाही. सून गोकाककडची, कानडी शाळेत शिकलेली. देवनागरी तिला हिंदीच्या पुस्तकातून आलेली. आई भरभर सांगू लागली की ती म्हणते, "निधान हेळ्री, अज्जी." आई थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

कॉम्प्युटर २०१३ सालचा. त्यात चार जीबीची एकच रॅम. टायपिंग करता करता आईचा आवाजही रेकॉर्ड करायचा म्हटलं की तो बसकण मारायचा. बेळगावला कॉलेजात असलेल्या पुतण्यानं तोड काढली. मित्राच्या मोडीत निघालेल्या यंत्रातली चार जीबीची पट्टी आणून शेजारच्या जागेत बसवली. दोन्ही डीडीआर-३, म्हणून खाच जुळली. डीडीआर-२ किंवा ४ असती तर बसलीच नसती. पडद्यावर आठ जीबी झळकले. "काका, आणि सेटिंग पण फास्ट करून ठेवलंय," असं सांगून तो एसटीनं गेला.

पाचव्या दिवशी निळा पडदा आला. मग रोज येऊ लागला. आठव्या दिवशी ओव्यांची फाईलच उघडेना. पेन ड्राइव्हवरची प्रत पंधरवड्यापूर्वीची. मधल्या चौदा ओव्या गेल्या.

तीस वर्षं गणित शिकवलं, पण त्या पेटीचं झाकण कधी उघडलं नव्हतं. आधी वाटलं, पावसाची ओल. वायर काढून, लोखंडी पेटीला हात लावून अंगातली वीज उतरवली, पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले. फरक पडला नाही. मग सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. पट्टी किती वेगानं चालेल हे कारखान्यानं तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. आमची मूळ पट्टी १६००ची, आकडे ११-११-११-२८. आणलेली १३३३ची, आकडे ९-९-९-२४. आणि चालू सेटिंग? १६०० आणि नऊ! पुतण्यानं एकीचा वेग घेतला, दुसरीचा आकडा घेतला. दोन्हीतलं उत्तम तेवढं निवडलं. (मुली बघायला गेल्यावर आमच्याकडे असंच करतात.)

हा पहिला आकडा म्हणजे मागितल्यापासून माहिती हाती येईपर्यंत मोजायच्या मात्रा. मात्रेची लांबी वेगावर ठरते. १६००च्या पट्टीत एक मात्रा सव्वा नॅनोसेकंदाची. अकरा मात्रा म्हणजे १३.७५. १३३३मध्ये मात्रा दीड नॅनोसेकंदाची. नऊ मात्रा म्हणजे १३.५. म्हणजे अकरावाली मंद आणि नऊवाली चलाख असं काही नव्हतंच, दोघी जवळजवळ एकाच वेळात उत्तर देत होत्या. पुतण्याच्या हिशेबानं नऊ गुणिले सव्वा, म्हणजे ११.२५. इतक्या थोड्या वेळात उत्तर द्यायचं म्हटल्यावर कधी बरोबर यायचं, कधी एखादं अक्षर चुकायचं. यंत्र बंद पडलं असतं तर बरं. ते चुकीचंच बरोबर समजून लिहून ठेवत होतं.

मुळात ही स्मरणशक्ती नाजूक. १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना जिचं पेटंट मिळालं, त्या जातीच्या मेमरीत प्रत्येक अक्षर म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळं पुन्हा भरून घ्यावं लागतं. आमच्या वर्गातल्या पाढ्यांसारखं.

मेमटेस्ट लावली तेव्हा पडद्यावर लाल ओळींचा पूर आला. बायोसमध्ये जाऊन पुतण्याचं सेटिंग मोडलं, सगळं 'ऑटो'वर सोडलं. आता बोर्डानं दोघींना मिळून १३३३चा वेग दिला. मूळच्या पट्टीनंही त्या वेगाचे आपले आकडे लिहून ठेवलेलेच होते, तेही नऊच. सीपीयू-झेडमध्ये वेग ६६५च्या आसपास दिसतो, त्यानं घाबरू नये. एका ठेक्याला दोनदा देवाणघेवाण होते, म्हणून तो निम्मा दिसतो. रात्री पुन्हा चाचणी लावली. पहाटे वीज गेली, यूपीएस दहा मिनिटं ओरडून गप्प झाला. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून. सकाळी एकही लाल ओळ नव्हती.

पुतण्याला फोन केला, रागावलो नाही. जास्त वेगानं काय झालं असतं? ओव्या काही लवकर आल्या नसत्या.

चौदांपैकी नऊ ओव्या आईनं पुन्हा सांगितल्या. त्यातल्या दोनांत शब्द बदलले. सुनेनं विचारलं, आधी माहेरची वाट म्हणाला होता, आता नदीची वाट म्हणता, कुठली लिहू? आई म्हणाली, "दोन्ही लिही गं." तिनं दोन्ही लिहिल्या. संध्याकाळी पेन ड्राइव्हवर प्रत काढली, मग तिच्या मोबाईलवर आणखी एक.

पाच ओव्या अजून यायच्या आहेत. सून रोज विचारते.