दाखवलं की द्यायचं

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये जेवणाचा एकच फोटो आहे. बाबांच्या चुलतभावाच्या मुंजीतली पंगत. काळ्या जाड पानावर चारही कोपरे खोचून बसवलेला, कडेनं पांढरी दातेरी किनार असलेला कृष्णधवल फोटो. समोरासमोर पाटांवर बसलेली माणसं, पुढ्यात केळीची पानं, सगळ्यांचे हात थांबलेले आणि नजरा कॅमेऱ्याकडे. पानात काय काय वाढलंय ते कळत नाही. भाताची मूद तेवढी पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखायची. उजवीकडे, फोटो संपतो तिथे, कोपरापर्यंत एक हात आत आलाय आणि त्या हातात ओगराळं आहे. तो हात आजीचा, असं आत्या बांगड्यांवरून सांगते. आजीचे लग्नाकार्यातले फोटो आहेत, देवदर्शनाचे आहेत. आयुष्यभर जे काम तिनं केलं, ते करतानाचा मात्र हा एवढा हातच.

त्याला कारणं होती. काकांकडे अग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात तयार होणारा. एका रोलवर बारा फोटो. फोकस एकदाच कायमचा ठरवलेला, त्यामुळे हाताच्या अंतरावरचं ताट त्यात धूसरच येणार. आणि बारांतला एक फोटो आमटी-भातावर घालवणार कोण? वाढदिवस, पाहुणे, सहल यांच्यासाठी ते जपून ठेवायचे. रोल संपायला महिनेच्या महिने लागत. मग तो स्टुडिओत धुवायला जाई. सणाचे दिवस अल्बममध्ये आले ते असे. ज्या साध्या दिवसांनी आम्हाला वाढवलं, ते बाहेरच राहिले.

खरं तर कॅमेऱ्याला खाण्यापिण्याचं वावडं कधीच नव्हतं. हेन्री फॉक्स टॅल्बट यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक 1844 ते 1846 या काळात भागाभागानं निघालं. छायाचित्रांसह विक्रीला आलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोडतं आणि त्यात टोपल्यांत रचलेल्या फळांचा एक फोटो आहे. त्या काळी प्रकाश द्यायलाच बराच वेळ लागे. माणूस तेवढ्यात हलतो, फळ हलत नाही. आपल्याकडे तर पानाची मांडणीच मुळात चित्रासारखी बेतलेली. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधोमध वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. डोळ्यांना आधी जेवू घालायचं हे आपल्या बायकांना कॅमेरा यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

पण ते पान जेवणाऱ्यासाठी. बाकीच्यांना ते दिसू नये, याची आमच्या घरात काळजी घेतली जाई. हातात लाडू घेऊन अंगणात जायचं नाही, असा आजीचा दंडक होता. गेलोच, तर तिथे जी मुलं असतील त्यांना प्रत्येकी एक नेऊन द्यायचा. “दाखवलं की द्यायचं,” ती एवढंच म्हणे. नजर लागते वगैरे ती बोलायची. पण खरं कारण निराळं होतं, हे पुढे आईनं सांगितलं. 1972च्या दुष्काळात आळीतली कितीतरी घरं रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीवर निभावत होती, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुलं जगत होती. शेजारच्या चुलीवर आज काय आहे, काही आहे की नाही, हे ठाऊक नसताना आपलं ताट मिरवायचं नाही, ही त्या पिढीची रीत होती. मी या लेखात जे सांगणार आहे, ते सगळं आजीच्या त्या तीन शब्दांत आहे.

म्हणजे खाण्याच्या गोष्टी एकमेकांना कळवल्या जात नसत, असं मात्र नाही. आत्या लग्न होऊन नागपूरला गेली. तिची अंतर्देशीय पत्रं यायची आणि त्यांतला निम्मा मजकूर स्वयंपाकघरातला असायचा. संत्र्याच्या बर्फीचा पाक किती तारी, सासूबाईंनी सांडगे कसे शिकवले, इकडे उन्हाळा कडक म्हणून पापड एका दिवसात वाळतात. आजी उलट लिहायची, मोरावळा घातलाय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. ती बरणी खरंच वेगळी काढलेली असायची. माहेरपणाला आलेली आत्या परत निघाली की तिच्या पिशवीत जायची. पत्रात जे दाखवलं, ते हातात पडायचं.

मग हॉटशॉट कॅमेरा आला, रंगीत रोल आला, बारांचे छत्तीस फोटो झाले. शाळेच्या सुट्टीत आम्ही महाबळेश्वरला जात असू. तिथल्या सगळ्या पॉइंटांवर उभे राहिलेले आम्ही अल्बममध्ये आहोत. सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेले, आणि पाठीमागची दरी सगळीकडे तीच. वाटेत पाचगणीच्या अलीकडे गाडी थांबवून सतरंजीवर जे खाल्लं, त्याचा एकही फोटो नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. स्टीलच्या डब्याचं झाकण आई दोन्ही तळव्यांनी दाबून उघडायची आणि आतून गरम नसलेल्या, पण मऊ राहिलेल्या पुऱ्यांचा हळद-ओव्याचा वास यायचा. प्रवासातलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हे. दरी त्या मानानं पुसट झाली आहे.

फोन हातात आला आणि हे सगळं पालटलं. आता जवळचं ताट स्वच्छ येतं, रोल संपत नाही, आणि काढलेला फोटो क्षणात सातासमुद्रापार जातो. माझा भाचा सिएटलला असतो. लग्न झाल्यावर दोघांनी तिथे पहिला गणपती बसवला आणि त्यानं उकडीच्या मोदकांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. इथे दुपारचा दीड वाजलेला, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. सकाळच्या पूजेसाठी तो आदल्या रात्री हात बसवून पाहत होता. आईनं चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिली. मोदकांच्या कळ्या नीट आल्या होत्या. पण बुडाशी चिरा होत्या. तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला: “बाळा, उकड कोरडी राहिलीय. गरम आहे तोवरच मळायची. तेल-पाण्याचा हात लाव आणि चांगली रगड. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडायला नको. आणि मोदक चाळणीत ठेवायच्या आधी बूड पाण्यात टेकव.” तासाभरानं दुसरा फोटो आला. त्यात चिरा नव्हत्या.

आईच्या वहीत उकडीच्या मोदकांची कृती चार ओळींची आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं एका पिढीला स्वयंपाक शिकवून गेलं. आईचाही हात त्याच्यावरच बसला. पण भेग पडायला नको म्हणजे किती मऊ, खमंग म्हणजे कोणत्या रंगापर्यंत, पुरण शिजलं हे कसं कळायचं, हे शेजारी उभं राहून बघावंच लागतं. शेजारी उभं राहणं आता आमच्या घराला परवडत नाही, मुलं जगभर पांगली आहेत. फोटोनं ते थोडंफार भरून काढलं. मोदक सुंदर दिसावेत म्हणून तो पहिला फोटो काढला असता, तर भाच्यानं चिरा पलीकडे वळवून ठेवल्या असत्या. त्यानं त्या माझ्या आईला दाखवल्या, म्हणूनच तिला काही देता आलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याला गेलो होतो. लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला, राजा रविवर्म्यांची चित्रं पाहिली, राजवाड्याचे फोटो ग्रुपवर टाकले. चार अंगठे आले. मग एका गाडीवर सेव-उसळ खाल्ली. वाटाण्याची पातळ उसळ, वर कांदा आणि मूठभर शेव, बरोबर पाव, आणि शेजारी भांड्यात वेगळी लालभडक तरी, हवी तेवढी घालून घ्यायची. तो फोटो गेला आणि ग्रुप जागा झाला. ही मिसळच की, असं कोल्हापूरकर मावशी म्हणाली. मटकीशिवाय मिसळ कसली, असं पुण्याहून उत्तर आलं. गायकवाडांबरोबर तिकडे गेलेल्या मराठी घरांतली उसळ ती, असं काकांनी ठासून सांगितलं. आत्यानं नागपूरच्या तर्रीचा विषय काढला. काका कधी फारसं लिहीत नाहीत; त्यांनी त्या दिवशी त्यांच्या बडोद्याच्या मित्राच्या आईची आठवण लिहिली, ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. राजवाडा पाहून माणूस वा म्हणतो. ताट पाहून तो स्वतःच्या घराबद्दल बोलायला लागतो. प्रवासातून घरी पाठवायला याहून चांगलं काय असतं?

तरी आजीचं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. फोटोतलं ताट दिसतं, पण उचलून खाता येत नाही. परगावी वसतिगृहात डाळ-भातावर असलेला मुलगा, नोकरी सुटलेला शेजारी, नुकतंच कुणी गेल्यामुळे घरात गोड न केलेली मैत्रीण, असे सगळेच ते पाहतात. 2020च्या टाळेबंदीत हे लख्ख दिसलं. एकीकडे घरोघरच्या केकांचे, पाणीपुरीचे फोटो येत होते, दुसरीकडे माणसं मुलांना खांद्यावर घेऊन गावाकडे चालत निघाली होती. तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी ग्रुपवर फोटो टाकला तो फॉइलमध्ये बांधलेल्या पोळी-भाजीचा, आणि खाली लिहिलं, “माझ्याकडून दहा. आणखी कोण देईल?” संध्याकाळपर्यंत जिन्याखालचं टेबल पुड्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो, पुन्हा पुड्या. आजी असती, तर तिला तो फोटो पटला असता. तिच्या नियमात बसणारा फोटो असाही काढता येतो, हे मी तिथे शिकले.

म्हणून फोटो काढूच नयेत, असं मला मुळीच वाटत नाही. उलट साध्या दिवसांचे जास्त काढावेत. मंगळवारचं भाकरी-पिठलं, आजारपणातली मऊ खिचडी, गाडी चुकली म्हणून स्टेशनवर खाल्लेले वडे. आणि त्यांत करणारा माणूस यावा, नुसता हात नव्हे. आई पोळ्या लाटत असली की हल्ली मी तिचा तोंडासकट फोटो काढते. अवतार झालाय, असं ती म्हणते, तरी काढते. खाली लिहिते: कुणी केलं, कुणाच्या हातची कृती, कुठल्या गावचं पीठ. तेवढं लिहिलं नाही, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी पुन्हा बांगड्यांवरून माणूस ओळखत बसेल.

आणि पाठवताना काहीतरी बरोबर जावं. कृती जावी, बोलावणं जावं, गावातल्या माणसाकडे डबा जावा. “ये की रविवारी, पुन्हा करू,” एवढं एक वाक्य जोडलं तरी दाखवणं देण्यात बदलतं. फोटो पाहून कुणी “मलाही हवं” म्हणालं, तर त्याच्यासाठी आणखी एक घाणा तळायची तयारी असावी. ती असेल, तर फोटो खुशाल काढावा आणि खुशाल पाठवावा.