विरजण मागायला आलेल्या काकू

आमच्या घरच्या कार्यांत हल्ली बरेच नातेवाईक सांगतात, की तुझ्या आईसाठी आम्ही काय काय केलं. माझ्या हिशोबात मात्र ऋण एकाच बाईंचं निघतं, आणि त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात माझं लहानपण गेलं, तिथे मधल्या चौकात त्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. अख्खा वाडा त्यांना नुसतं 'काकू' म्हणायचा.

वाड्यात कुणी पापड भाजला तरी पलीकडच्या बिऱ्हाडाला कळायचं. माझे वडील आईला मारतात हेही सगळ्यांना कळायचं. फक्त त्या वेळी दोन-तीन घरांतले रेडिओ जरा मोठे व्हायचे. वडील बाहेर अतिशय सभ्य. गणपतीची वर्गणी चोख ठेवणारे, म्हाताऱ्यांना हात धरून जिना उतरवून देणारे. दारू नाही की सुपारीचं खांड नाही. तेव्हा 'तीच काहीतरी बोलत असेल' हा निकाल आधीच लागलेला. पिणाराच मारतो, हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे आणि न पिणाऱ्या नवऱ्यांना तो फार सोयीचा पडतो.

मार रोजचा नव्हता. रोज होता तो हिशोब. मंडईतून आल्यावर आई सुटे पैसे टेबलावर मांडायची आणि वडील चष्मा लावून मोजायचे. माहेरची पत्रं आधी ते फोडायचे. लग्नाआधी शाळेत गणित शिकवणारी माझी आई कोथिंबिरीच्या दोन जुड्या हातात धरून भाजीवालीसमोर उभी राहायची आणि कुठली घ्यावी ते तिला ठरवता यायचं नाही. 'मुलांना त्यातलं काय कळतंय' असंही लोक म्हणायचे. स्कूटर स्टँडवर कशी चढली यावरून आजची रात्र कशी जाणार, हे मला आणि भावाला कळायचं. भाऊ बराच मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. आजही कुणी कपाटाचं दार आपटलं, तर माझं बोलणं मधेच तुटतं.

अशाच एका रात्री दारावर थाप पडली. वडिलांनी दार उघडलं, तर काकू, हातात वाटी.

"भावोजी, थोडं विरजण मिळेल का? आमचं संपलं बघा."

आई पदर सारखा करत स्वयंपाकघरात गेली. तिने विरजण आणून दिलं तरी काकू हलेनात. चौकटीला टेकून त्यांनी वर्गणीचा विषय काढला, मग नळाच्या पाण्याचा, मग घरमालकाचा. जवळजवळ अर्धा तास. चारचौघांतला मान जपणाऱ्या माणसाला तेवढा वेळ हसून बोलावं लागलं आणि ती रात्र निभावली. काकूंच्या घरी विरजण कधीच संपत नसे. पुढे त्या काडेपेटीसाठी आल्या, सुईसाठी आल्या. वडिलांना सगळं कळत होतं, पण विरजण मागणाऱ्या बाईला हाकलणार कसं? 'ब्रेकथ्रू' या संस्थेने २००८ साली 'बेल बजाओ' ही मोहीम काढली: शेजारून मारहाणीचा आवाज आला तर बेल वाजवा, काहीही कारण सांगा. ती जाहिरात पाहिली तेव्हा आई म्हणाली, "ह्यांना काकूंचा पत्ता कुणी दिला?"

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. पण सुशिक्षित घरांच्या दारांआड काय चालतं याची चर्चा त्या मृत्यूने पेठांमध्ये आणली. नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवलं, तेव्हा 'तळ्यातल्या गणपतीला जाऊन येतो' असं सांगून काकू आईला तिकडे घेऊन गेल्या. येताना दोघी फारसं बोलल्या नाहीत म्हणे.

त्यानंतर आई ब्लाउज शिवायला टाकू लागली. ब्लाउजपीसच्या घडीत एकेक कागद जायचा: शाळा सोडल्याचा दाखला, बी.एड.चं प्रमाणपत्र, आमचे जन्मदाखले. ते काकूंच्या मशीनच्या खणात राहायचे. दुपारी आई त्यांच्याकडे काजं-बटणं करायची आणि मजुरी पोस्टाच्या पुस्तकात पडायची. पुस्तकही त्याच खणात.

मधे आई आम्हाला घेऊन माहेरी गेली होती. आजोबांनी 'जरा समजुतीनं घे' म्हणत परत आणून सोडलं. चौकीवर गेली, तर 'घरचं घरात मिटवा' म्हणाले. कायद्यात ४९८अ हे कलम १९८३ मध्येच आलं होतं, ते त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. परतलेल्या बाईला सगळे चिडून विचारतात, 'मग गेलीस कशाला?' मुलं, पैसा, धमक्या यांनी बाई पुन्हा ओढली जाते, आणि घर सोडतानाच जिवाला धोका सर्वांत जास्त असतो, हे आता अभ्यासक सांगतात. काकू तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. चार ब्लाउजांची काजं राहिलीत."

शेवटी निघालो ते त्या खणातले कागद घेऊन. आईला पुन्हा शिक्षिकेची नोकरी लागली, ती त्या कागदांवर. काकू आता नाहीत. त्यांचं देणं द्यायला गेलं की त्या हात झटकायच्या, "विरजणाचे कुणी पैसे देतं का गं?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) हिंसा सोसलेल्या दर चार बायकांपैकी तिघींहून अधिक जणींनी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तेव्हा ती सांगेल याची वाट पाहू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं चौथं कलम जणू शेजाऱ्यांसाठीच आहे: अशी हिंसा होत आहे असं वाटण्यास कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी, कसलीही जबाबदारी येत नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१. मोबाइलमध्ये आत्ताच घालून ठेवा.