भात्यावरचे पाय

आमच्या माजघरात एक जुना ऑर्गन आहे. पावसाळा लागला की त्याच्या पोटात पंचवीस वॅटचा बल्ब लावून ठेवावा लागतो. नाहीतर रत्नागिरीच्या हवेत पट्ट्या फुगतात, सूर चिकटतात आणि भात्याच्या चामड्यावर बुरशी धरते. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडीला ऊब नसते. तसा जुना बल्ब हल्ली दुकानात मागितला तर माणूस चमत्कारिक नजरेनं बघतो. ऑर्गन वाजवणारं आता घरात कोणी नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बोटं सहा वर्षांपासून थरथरतात. तरी मृगाच्या आगेमागे ते विचारतातच, "दिवा लावलास का गो?"

गेल्या आषाढात मी जिल्हा नगर वाचनालयातून अभिराम भडकमकरांची 'असा बालगंधर्व' आणली. १८२८ सालचं हे वाचनालय आणि अण्णा तिथले जुने सभासद. नजर गेल्यापासून त्यांचं पुस्तक मी बदलून आणते आणि दिवेलागण झाली की तासभर वाचून दाखवते. ही चरित्रात्मक कादंबरी. या जातीच्या पुस्तकांना मी जरा बिचकते. होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडी लेखकानं घातलेली वाक्यं आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसतात की पुढे तीच खरी वाटायला लागतात. त्यात २०११ च्या सिनेमानंतर बालगंधर्व म्हटलं की डोळ्यांपुढे सुबोध भावे येतात. पण अण्णांनी नाव ऐकलं आणि उशी मागून ते ताठ बसले. मग माझं बिचकणं बाजूला राहिलं.

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. लहानग्या नारायणाचं गाणं ऐकून 'बालगंधर्व' म्हणाले ते टिळक, असं सांगतात. टिळकांचा जन्म आमच्याच गावातला. त्या घरावरून मी तीस वर्षं बँकेत गेले, पण या दोन गोष्टी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

पहिल्याच संध्याकाळी मला ते दिसलं. नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल होतात, शकुंतला म्हणून उभे राहतात, तिथपर्यंत वाचन आलं होतं. बाहेर पावसाची झड होती, म्हणून आवाज चढवून वाचत होते. सहज नजर गेली तर चादरीखाली अण्णांचे पाय हलत होते. उजवा खाली, डावा वर. डावा खाली, उजवा वर. घाई नाही, खंड नाही. ऑर्गनचा भाता मारणाऱ्याचे पाय असेच चालतात. गायक कितीही ताना घेवो, वाऱ्याचा दाब सारखा राहिला पाहिजे. चाळीस वर्षं गावोगावच्या देवळांतल्या उत्सवांत अण्णांनी संगीत नाटकांना साथ केली. गॅसबत्तीच्या उजेडात सुरू झालेलं नाटक 'वन्समोअर' घेत घेत पहाटेला भैरवीवर यायचं. हातांना कंप आला, पायांना कोणी काही कळवलेलं नव्हतं. मी वाचत राहिले. थांबले असते तर ते पायही थांबले असते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी 'मानापमान' आलं. १२ मार्च १९११. मुंबईत नाटकाचा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. घरातलं दुःख घरात ठेवून ते भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातही माझ्या आधीची एक मुलगी होती, दीड वर्षाची होऊन गेली. तिचं नाव आमच्याकडे कोणी काढत नाही. मला ते कळलं तेही एका आत्याकडून, मोठेपणी. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला घेतलं. अण्णा काही बोलले नाहीत.

मधला सगळा भाग आम्ही सणासारखा वाचला. १९१३ साली गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह उभी केलेली गंधर्व नाटक मंडळी, भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू, 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'द्रौपदी'चा तो थाटमाट. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमान'बद्दल वाचताना अण्णांना राहवेना. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो प्रयोग; केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. "आणि तीन महिन्यांत केशवराव गेले," अण्णा म्हणाले, जणू घरातली तारीख सांगावी तसे. तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ या माणसानं पदरी बाळगली होती, त्याबद्दल तर मला पुस्तकापेक्षा त्यांच्याकडूनच जास्त कळलं. "गाणारा वर जातो तो खालचा सूर पक्का असतो म्हणून," हे ते तीनदा म्हणाले.

मी मात्र अडकले गोहरबाईंपाशी. आमच्या आजीच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "त्या बाईनं कंपनी बुडवली." लहानपणी मी ते ऐकलं आणि विचार न करता जपून ठेवलं. गोहरबाई कर्नाटकी, अमीरबाईंची बहीण, स्वतः उत्तम गाणारी. ज्या गळ्याची भक्ती केली त्या माणसापाशी ती आली तेव्हा वैभवाची वर्षं मागे पडलेली होती, देणी होती, वय होतं. पुढे नारायणरावांचे पाय गेले, तेव्हा सेवेला तीच होती. १९६४ साली ती आधी गेली, ते तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ ला. कंपनीवरचं कर्ज तिच्या येण्याआधीच्या हौसेचंही होतं. अत्तरं, शालू, नाटकागणिक नवे पडदे, हे सगळं आपण प्रेक्षकांनीच टाळ्यांनी वाढवलं होतं. हिशेब मागायची वेळ आली तेव्हा मात्र आपण एका बाईकडे बोट दाखवलं. मला आजीचा राग आला, आणि आजीचं वाक्य इतकी वर्षं वागवल्याबद्दल माझा त्याहून जास्त.

शेवटचा भाग सुरू केला त्या संध्याकाळी वीज गेली होती. मेणबत्तीवर वाचत होते. म्हातारे, अपंग नारायणराव. त्यांना उचलून आणून बसवायचं, मग ते भजन म्हणायचे. दोन ओळी झाल्या असतील. अण्णा म्हणाले, "तो भाग नको."

मला वाटलं, स्वतःच्या म्हातारपणामुळे नको असेल. मी पुस्तक मिटलं. बराच वेळ पागोळ्यांचाच आवाज होता.

मग ते बोलायला लागले. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे मुंबईला गेले होते, अकरा-बारा वर्षांचे होते. गिरगावात एका ठिकाणी बालगंधर्व गाणार म्हणून मामा घेऊन गेला. पोरांना पुढे सतरंजीवर बसवलं होतं. दोघांनी काखेत हात घालून एका स्थूल म्हाताऱ्याला आणलं. बसवताना त्यांचा एक पाय दुमडला गेला तो सरळ होईना. धोतर सावरता सावरेना. शेजारची मोठी पोरं फिसकन हसली.

"आणि मी हसलो," अण्णा म्हणाले. "त्यांनी पाहिलं माझ्याकडे. माझ्याकडेच. मग हात जोडले आणि म्हणाले, अन्नदाते मायबाप."

सगळ्या प्रेक्षकांना ते तसंच म्हणायचे, हे मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं. पण त्यांच्या लेखी तो नमस्कार गेली सत्तर वर्षं एकट्या त्यांना होता.

"गाणं कसं झालं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"आवाज थकला होता. पण सूर जिथे लागायचा तिथेच लागला. मला वर बघवेना. मी सतरंजीच्या दशा मोजत बसलो."

सुट्टी संपवून ते गावी आले आणि त्या पावसाळ्यात देवळातल्या पेटीवाल्या बुवांकडे जाऊन बसले, पेटी शिकवा म्हणून. ऑर्गन नंतर आला. हे मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण गोष्ट नेहमी त्या बुवांपासून सुरू व्हायची. गिरगाव त्यात कधीच नव्हतं. आईलासुद्धा सांगितलं नसावं.

वीज आली. पंखा फिरायला लागला, आणि माजघरातल्या ऑर्गनच्या फटींतून पिवळा उजेड दिसायला लागला. मी उठून भात टाकावा म्हणत होते.

"वाच," अण्णा म्हणाले. "आता वाच."

मी शेवटपर्यंत वाचलं. जेवायला दहा वाजले. या वेळी पाय हलत नव्हते; त्यांनी ते जवळ घेऊन मांडी घातली होती, जी त्यांना घालायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायची तारीख होती. मी पिशवीत घातलं, छत्री घेतली, दारात चपला घालत होते.

"आज देऊ नकोस," आतून आवाज आला. "मानापमानाच्या वेळी तू दोन पानं एकदम उलटलीस. ती राहिली आहेत."

मी छत्री पुन्हा खुंटीला लावली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.