विहिरीतला पिंपळ

2008 साली मी डाळिंबाची बाग उपटली. साडेचारशे झाडं होती, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. तेल्या आला आणि फळांवर काळे डाग पडून ती झाडावरच तडकायला लागली. दोन हंगाम फवारण्या केल्या. शेवटी मुळासकट काढून बांधावर पेटवली. तीन दिवस धूर निघत होता. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

बाग गेली, आता कांदा करायचा, तर आधी विहीर दुरुस्त करायला पाहिजे होती. मोसम नदीकाठची आमची ही विहीर आजोबांनी बांधलेली. 1972 च्या दुष्काळात वडलांनी ती आणखी खोल केली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो, टोपलीनं गाळ वाहायचो. काठापासून आठ-नऊ फूट खाली, दोन दगडांच्या फटीत एक पिंपळ उगवलेला होता. कुठल्या तरी पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार. खोड मनगटाएवढं जाड आणि उंची जेमतेम दोन-अडीच फूट. फटीत खायला माती नाही, म्हणून तो वाढला नाही. आणि ओल कधी तुटली नाही, म्हणून मेलाही नाही. मुळं मात्र दगड ढकलत होती आणि बांधकाम फुगलं होतं.

गवंडी म्हणाला, "हे काढल्याशिवाय मी दगड बसवणार नाही." मजूर म्हणाला, "पिंपळावर कुऱ्हाड मी घालणार नाही." मी मधे उभा. साडेचारशे झाडं जाळून आलेलो, आणखी एक तोडायचं जिवावर आलं. कमरेला दोर बांधून मीच खाली उतरलो. पहारीनं दोन दगड सैल केले आणि झाड मुळांसकट ओढून काढलं. मुळं दगडात दबून भाकरीसारखी चपटी झालेली.

घरी आणलं तर बायको ओट्यावरूनच ओरडली, "घरमा मुंजा लई उनात तुम्ही!"

बोन्साय हा शब्द मला तेव्हा ऐकूनच माहीत होता. डाळिंबाची छाटणी मात्र येत होती. मृगाचे दिवस होते. सगळी पानं काढली, फांद्या आखूड केल्या, कापल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. फवारणीचा निळा ड्रम आडवा कापून त्यात काळी माती भरली, झाड लावलं आणि गोणपाट ओलं करून खोडाला गुंडाळलं. पाच आठवड्यांनी खोडावर लालसर कोंब फुटला. त्या वर्षी माझ्या शेतात दुसरं चांगलं काही घडलं नव्हतं. मी तो कोंब दिवसातून चारदा बघायला जायचो.

पण चूक झालीच होती. काळी माती पाणी धरून बसते. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली. उपसून बघितलं तर अर्धी मुळं कुजलेली. कुजलेला भाग कापला आणि विटांचा चाळलेला चुरा, नदीची भरड वाळू आणि थोडं जुनं शेणखत असं मिश्रण केलं. ड्रमच्या बुडाला भोकं वाढवली. झाड वाचलं.

दुसरी चूक तारेची. मोटारीच्या जुन्या वायंडिंगची तांब्याची तार गुंडाळून एक फांदी वाकवली आणि कांद्याच्या काढणीत विसरून गेलो. पावसाळ्यात फांदी जाड झाली आणि तार सालीत रुतली. तो वळ आजही आहे. तेव्हापासून मी तार वापरत नाही. सुतळीनं फांदी खाली ओढून ड्रमच्या काठाला बांधतो आणि दर आठवड्याला बघतो. सात फांद्यांतल्या तीनच ठेवल्या. खोड विहिरीत जसं आडवं निघून वर वळलं होतं, तसंच राहू दिलं. ते वळण मला करता आलंच नसतं.

पुढं भाच्यानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्यात परदेशातला माणूस डोंगरातून आणलेला जुना ओक घडवत होता. ओक आपल्या सह्याद्रीत होत नाही. हिमालयात त्याची जात आहे, तिला तिकडं बांज म्हणतात. असं रानातून आणलेल्या झाडाला जपानी लोक यामादोरी म्हणतात. म्हटलं, आपल्या गाळणा किल्ल्याच्या डोंगरावर शेळ्यांनी खुडून खुडून बुटकी केलेली बोरी बघा, तीही तसलीच. पण ती मी आणायला गेलो नाही. राखीव जंगलातलं झाड उपटणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, ते तिथं कुणाच्या आड येत नाही. माझा पिंपळ उपटला नसता तर तुटणारच होता.

आता दर दोन-तीन वर्षांनी जूनच्या सुरुवातीला त्याची मुळं छाटतो. फाल्गुनात पानं देठ ठेवून काढतो, चैत्रात तांबूस, बारकी पालवी येते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. जमिनीतलं झाड आठ दिवस दम काढतं, हे दोन दिवसही काढत नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात मला हृदयाचा त्रास झाला आणि बारा दिवस नाशिकला दवाखान्यात होतो. मुलगा तिकडंच कंपनीत आहे, तोही माझ्याजवळ. झाडाचं मी मनातून सोडूनच दिलं होतं. घरी आलो तर पालवी तशीच लकलकत होती, ड्रमवर ओलं गोणपाट होतं. बायको एक दिवसाआड दवाखान्यात यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं मालेगावला परत जायची. मला वाटायचं, म्हशीसाठी जाते.

मागच्या महिन्यात तिला म्हटलं, मी गेल्यावर हा ड्रम फोडा आणि पिंपळ गायरानात लावा, मोकळा वाढू द्या. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही गयात तरी पाणी मीच घालसू. मंग फोडानं कशाले?"